ट्रंकेतल्या तीन मोटारी

सोनं घ्यायचं तर आपण कस लावून घेतो. पैठणी घ्यायची तर पदर उलटा करून मागची बाजू बघतो. तूरडाळसुद्धा चिमटीत धरून पारखतो. पण माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेली जुनी खेळण्यातली मोटार? ती आपण भंगारवाल्याच्या तागडीत टाकतो आणि वर म्हणतो, बरं झालं, जागा मोकळी झाली. आज त्या मोटारीबद्दल बोलायचं आहे. विषय तुम्हांला नवा वाटेल, आम्हांलाही नवाच होता. गटापुढे अडचण आली म्हणून आम्ही तो शिकलो.

आमच्या गटातल्या एका काकूंना नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी चाळीस हजारांचं अंतर्गत कर्ज हवं होतं. आधीचं कर्ज पुरतं फिटलेलं नव्हतं, त्यामुळे बैठकीत कुजबुज सुरू झाली. तेव्हा काकू म्हणाल्या, "माझ्याकडे सासऱ्यांच्या तीन मोटारी आहेत. एक माणूस पंधराशे देतो म्हणतोय. विकू का?" पंधराशे रुपयांनी नर्सिंग होत नाही. पण एवढ्याशा खेळण्यांसाठी कुणी घरी येऊन पंधराशे देतो म्हणतो, यातच काहीतरी गोम होती. आम्ही म्हटलं, थांबा, आधी बघू तरी.

काकूंचे सासरे बोटीवर होते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या किती घरांतली माणसं ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर कामाला असत, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. बोट लिव्हरपूलला लागली, की पगारातून मुलाबाळांसाठी काहीबाही घ्यायचं, असा रिवाज. तशा १९६७ साली या तीन मोटारी गावी आल्या. एक काळी, पंखांसारखी शेपटी असलेली. एक गुलाबी, सहा चाकांची. आणि एक पांढरी, टपावर दट्ट्या असलेली. काकूंचे यजमान तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. ट्रंक तशीच राहिली.

या तिन्ही मोटारी परदेशी टीव्ही मालिकांमधल्या होत्या. गंमत बघा, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे ज्या मालिकांची ही खेळणी होती, त्या मालिका पाहायला त्या घरात टीव्हीच नव्हता. आपल्या हातात कोण आलंय, हे त्या पोराला ठाऊकच नव्हतं.

आता ते सांगतो. काळी मोटार म्हणजे बॅटमोबाईल. १९६६ ते १९६८ या काळात अमेरिकेत 'बॅटमॅन' मालिका चालली, त्यात बॅटमॅन आणि रॉबिन या गाडीतून गुंडांच्या मागे लागत. पडद्यावरची खरी गाडी जॉर्ज बॅरिस या कारागिराने १९५५ सालच्या लिंकन फ्युचुरा नावाच्या प्रदर्शनी गाडीपासून तयार केली होती. ती खरी गाडी २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेत लिलावात ४६ लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेली. गुलाबी मोटार 'थंडरबर्ड्स' या ब्रिटिश कठपुतळ्यांच्या मालिकेतली. लेडी पेनेलोप नावाच्या बाईंची ही सहा चाकांची रोल्स-रॉईस, आणि पार्कर त्यांचा ड्रायव्हर. तिसरी ओल्ड्समोबिल होती, 'द मॅन फ्रॉम अंकल' या हेरांच्या मालिकेच्या नावावर निघालेली.

अशा मालिका संपून पन्नास-साठ वर्षं झाली, तरी त्यांचे चाहते त्यांना सोडायला तयार नाहीत. लहानपणी जे खेळणं मोडलं, हरवलं किंवा मिळालंच नाही, ते माणूस साठीत पैसे मोजून घेतो. या बाजाराचं मूळ तिथे आहे. आणि जिथे हौस आणि पैसा एकत्र येतो, तिथे नकलीही येते.

पारख करायची तर आधी वस्तू बनते कशी ते कळायला हवं. या मोटारींना डाय-कास्ट म्हणतात, म्हणजे ओतीव. जस्तात थोडं अॲल्युमिनियम वगैरे घालून मिश्रधातू करतात. तो साधारण ४०० अंशांच्या आतच वितळतो. वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात सोडला, की क्षणात अख्खा सांगाडा तयार. मग त्याला रंगाचा फवारा मारतात. रंग वाळल्यावर आत प्लॅस्टिकच्या काचा, बैठका आणि माणसं बसवतात, आणि शेवटी खालून पत्रा लावून रिव्हेट ठोकतात. हा क्रम नीट लक्षात ठेवा: आधी रंग, मग काचा, शेवटी रिव्हेट. पुढची निम्मी पारख याच क्रमावर आहे.

काळी मोटार आणि पांढरी मोटार कॉर्गी कंपनीच्या. मेटॉय या कंपनीने १९५६ साली कॉर्गी हे नाव बाजारात आणलं. कारखाना वेल्समध्ये, स्वॉन्सीजवळ. गुलाबी मोटार डिंकीची. ती मेकॅनो कंपनीच्या लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडच्या कारखान्यात बनली. म्हणजे सासऱ्यांची बोट जिथे लागली, त्याच शहरात. डिंकीचा तो कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरात बंद पडला आणि मेटॉयचा गाशा १९८३ साली गुंडाळला गेला. पुढे ही नावं एका कंपनीकडून दुसरीकडे विकली गेली आणि जुन्या मोटारींच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. म्हणून पहिलं काम, मोटार उलटी करायची.

तळ हा मोटारीचा जन्मदाखला असतो. साठच्या दशकातल्या कॉर्गीच्या तळावर कंपनीचं नाव आणि 'मेड इन जीटी ब्रिटन' असं उठावदार अक्षरांत असतं. डिंकीवर 'मेकॅनो लिमिटेड, मेड इन इंग्लंड'. नव्या आवृत्त्यांवर बहुतेकदा लहान अक्षरांत चीनचं नाव सापडतं, तळावर नाहीतर खोक्यावर. नवी आवृत्ती म्हणजे खोटी असं नव्हे. ती नवी म्हणून विकली तर सच्चीच. जुनी म्हणून विकली की लबाडी झाली. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या हॉट व्हील्सच्या तळावरही साल असतं, पण ते साल बरेचदा साच्याचं किंवा हक्काचं असतं, गाडी बनल्याचं नव्हे. त्यामुळे नुसत्या सालावर भुलू नका.

दुसरं, रिव्हेट. जुन्या बहुतेक मोटारींचा तळ रिव्हेटने पक्का केलेला असतो. रिव्हेटचं डोकं गुळगुळीत आणि अखंड असेल, तर मोटार कारखान्यातून निघाल्यावर उघडलेली नाही असं समजायला हरकत नाही. मधोमध भोक पाडलेलं असेल, त्यात स्क्रू घातला असेल किंवा गोंद दिसत असेल, तर कुणीतरी ती खोलली आहे. खोलली म्हणजे रंग बदलला असेल, काच बदलली असेल. विचारायचा हक्क आपला.

तिसरं, रंग. यासाठी आम्ही गावच्या सराफाचं भिंग आणलं, दहा पट मोठं दाखवणारं. कारखान्याचा फवारा पातळ आणि सारखा असतो. दाराच्या रेघा, दिव्यांच्या कडा धारदार दिसतात. नंतर दिलेला रंग जाड बसतो, त्या रेघा बुजतात, कुंचल्याचे ओरखडे दिसतात. आणि तो क्रम आठवा. कारखान्यात काच रंगानंतर बसते, म्हणून काचेच्या कडेवर रंगाचा थेंब असता कामा नये. चाकांच्या वरच्या कमानीत आतून बघा, तळाच्या पत्र्याच्या फटीत बघा. तिथे दुसरा रंग दिसला, तर तोच मूळचा.

चौथं, सुटे भाग. टीव्हीच्या मोटारींचं मोल त्यांच्या करामतींत असतं. बॅटमोबाईलचं बॉनेटवरचं बटण दाबलं, की पुढून साखळी कापायचं पातं बाहेर येतं. मोटार चालवली, की मागच्या धुराड्यात लाल ज्योत आत-बाहेर करते. मागच्या नळ्यांतून इवलाले प्लॅस्टिकचे रॉकेट उडतात. सोबत बारा मिळायचे, आणि बाराच्या बारा हरवायचे. गुलाबी रोल्स-रॉईसच्या पुढच्या जाळीमागून रॉकेट सुटतं. ओल्ड्समोबिलच्या टपावरचा दट्ट्या दाबला, की दोन हेर आळीपाळीने खिडकीतून बाहेर येऊन पिस्तूल रोखतात. हरवलेल्या भागांच्या जागी आज नवे बनवलेले भाग विकत मिळतात. ते लावायला हरकत नाही, पण लावलेत हे सांगितलं पाहिजे.

पाचवं, खोकं. मूळ खोक्यासकट मोटार असेल, तर किंमत खूप वाढते, म्हणून खोटी खोकी खूप. भिंगातून बघा. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत बसलेले असतात, घरगुती प्रिंटरचे ठिपके विखुरलेले. आमच्याकडे नोटा तपासायचा निळा दिवा आहे, तोही कामाला येतो. नव्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, त्यामुळे तो दिव्याखाली झगझगीत निळसर दिसतो. जुना पुठ्ठा बहुधा निस्तेज राहतो. हा फक्त इशारा समजा, पुरावा नव्हे. काकूंच्या मोटारींना खोकी नव्हतीच. मुलांनी ती पहिल्याच पावसाळ्यात फाडली असणार.

लोहचुंबकाचा उपाय कुणी सांगितला तर त्यावर विसंबू नका. जस्ताला चुंबक चिकटत नाही एवढंच त्याने कळतं, आणि नकलीही जस्ताचीच असते.

आता 'खरी' म्हणजे नेमकं काय, हे सांगितलं पाहिजे, कारण इथे आमचाच घोटाळा झाला होता. खरेपणा दोन तऱ्हांचा. एक, वस्तू ज्या कंपनीची आणि ज्या काळातली म्हणतात, त्याच कंपनीची आणि काळातली आहे का? दुसरा, ती पडद्यावरच्या गाडीशी जुळते का? ही दोन वेगळी मापं आहेत. डिंकीने 'थंडरबर्ड्स'मधलं दोन नंबरचं हिरवं विमान आधी हिरवंच काढलं, पण सत्तरच्या दशकात निळ्या चकचकीत रंगात काढलं. 'यूएफओ' मालिकेतलं पांढरट अंतराळयान डिंकीने हिरवंगार विकलं. दोन्ही पडद्याशी जुळत नाहीत, पण दोन्ही शंभर टक्के अस्सल डिंकी. आणि आमची ओल्ड्समोबिल? मालिकेतल्या कुठल्या गाडीची ती नक्कल नव्हतीच. कॉर्गीने आपल्याच आधीच्या साच्यावर हेर बसवले आणि मालिकेचं नाव दिलं. याउलट आजच्या मोठ्या, महागड्या मोटारी पडद्याशी तंतोतंत जुळतात, पण त्या जुन्या नाहीत. आपण काय विकत घेतोय, काय विकतोय, हे आधी ठरवायचं.

आपल्या देशाशीही या खेळण्यांचं नातं आहे. १९६८ च्या सुमारास डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि तिथे 'निकी टॉईज' या नावाने मोटारी बनू लागल्या. कुणाला घरात अशी मोटार सापडली, तर ती नकली डिंकी म्हणून टाकू नका. तिला स्वतःचं नाव आहे आणि तिलाही हौशी गिऱ्हाईक आहे.

आता काकूंच्या मोटारींकडे येऊ. बॅटमोबाईल उलटी केली. अक्षरं बरोबर, रिव्हेट अखंड. मागे बोट ओढायचा हूक नव्हता. १९६७ मध्ये बॅटमोबाईल बॅटबोटीसकट संच म्हणून विकायला आली, तेव्हा हूक आला. त्याआधीच्या मोटारींना तो नसे. हूक कापून टाकल्याची खूण आहे का, तेही भिंगातून पाहिलं. नव्हती. रॉकेट एकही नाही, रॉबिन जागेवर, काळा रंग कडांना उडालेला. गुलाबी मोटारीचं पारदर्शक छत तडकलेलं, रॉकेट गायब, पण बाकी सगळं मूळचं.

आणि पांढरी. इथे आमच्या काळजाचा ठोका चुकला, कारण वाचताना आम्हांला कळलं होतं, की ही ओल्ड्समोबिल बहुतेक निळ्या रंगात निघाली, पांढरी फार थोडी. पांढरीची किंमत निळीच्या कितीतरी पट. बैठकीत एकदम कालवा झाला. एकजण तर म्हणाली, नर्सिंगच काय, डॉक्टर करू पोरीला!

भिंग लावलं. रेघा बुजलेल्या. काचेच्या कडेवर पांढरा थेंब. बॉनेटवर रंगाखाली चिकटलेल्या चिन्हाची कड हाताला लागत होती. चाकाच्या कमानीत आत बघितलं, तर गडद निळा. कुणी काही बोलेना. मग काकूच हसल्या. म्हणाल्या, "अगो, आता आठवलं. हे सांगायचे, की निवडणुकीत गावात पांढरी अँबॅसडर आली होती. त्यांना तसली मोटार हवी होती. खिडक्यांना लावून उरलेला ऑइलपेंट घेतला आणि फासला. सासऱ्यांनी फटकावलं होतं त्यांना!"

म्हणजे लबाडी कुणाचीच नव्हती. एका पोराची हौस होती.

चार दिवसांनी तो पंधराशेवाला माणूस पुन्हा आला. आम्ही मुद्दाम समोर बसलो. त्याने पांढरी मोटार हातात घेतली आणि सरळ सांगितलं, की हा रंग उतरवून कारखान्यासारखा पांढरा फवारा मारून देतो, रिव्हेटही नवे बसवतो, बाहेर कुणाला कळणार नाही. मिळेल त्यात निम्मे तुमचे. आकडा मोठा होता. काकूंनी आमच्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, आमच्यातल्या दोघीतिघींना वाटलं, परदेशातल्या श्रीमंत माणसाचं काय जातंय? पोरीचं भलं होतंय.

पण मैत्रिणींनो, आमचा गट पापड विकतो, मसाला विकतो. पुडीवर 'भेसळ नाही' असं आम्ही स्वतः छापतो. मसाल्यात रंग घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? मोटारीवर रंग मारून ती दुर्मीळ म्हणून विकणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? काकूंनीच शेवटी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग आम्ही रीतसर केलं. एकेका मोटारीचे सहा बाजूंनी फोटो काढले, तळाचे वेगळे. काय मूळचं, काय हरवलेलं, काय तडकलेलं, हे रजिस्टरात लिहिलं. इंग्लंडमध्ये जुन्या खेळण्यांचे खास लिलाव होतात. तिथे झालेल्या विक्रीचे भाव पाहिले. मागितलेले भाव पाहू नका, कारण मागायला कुणीही काहीही मागतो. आपल्या कायद्यात पुरावस्तू ठरायला साधारण शंभर वर्षं व्हावी लागतात, म्हणून साठ वर्षांची खेळणी त्यात बसत नाहीत, हेही पाहून घेतलं. मग सगळे दोष सांगून काळी आणि गुलाबी मोटार एका संग्राहकाला विकल्या. डॉक्टर होण्याइतके पैसे नाही आले. पण पंधराशेपेक्षा कितीतरी जास्त आले, आणि उरलेल्या रकमेपुरतंच कर्ज घ्यावं लागलं. ते गटाने एकमताने मंजूर केलं. नात आता पहिल्या वर्षाला आहे.

तुमच्या घरी असं काही असेल, तर चार गोष्टी करा. घासू नका. चिंच, राख, साबण काही नको, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ तेवढी झाडा. रंग उडालेला असला तरी नवा देऊ नका, कारण उडालेला मूळ रंग नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो. आपल्या दमट हवेत मोटारी कोरड्या जागी ठेवा. विशेषतः दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मोटारींच्या जस्तात शिशासारखी भेसळ राहिली असेल, तर दमटपणाने तो धातू आतून तडकतो आणि एक दिवस हातात भुगा येतो. संग्राहक त्याला जस्ताची कीडच म्हणतात. आणि पहिल्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी हो म्हणू नका. घाई त्याला असते, आपल्याला नसते.

पांढरी मोटार काकूंनी विकली नाही. निळी म्हणूनही तिला चार पैसे आले असते, पण त्यासाठी वरचा ऑइलपेंट उतरवावा लागला असता. काकू म्हणाल्या, तो राहू दे. ती मोटार आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. टपावरचा दट्ट्या दाबला, की अजून दोन्ही हेर एकामागून एक बाहेर डोकावतात. पतवंडं आली, की तेवढ्यासाठी भांडतात.

पुढच्या भागात भेटू. तोवर माळा एकदा आवरून बघा. नमस्कार.